मोटर लावण्याआधी

फोन आला तेव्हा मी विरारला, चंदनसारच्या घरी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. पलीकडे रेजिना. पक्षाघातानंतर तिची जीभ जरा जड झाली आहे, म्हणून ती मोजकंच बोलते. "सुमन, आज मोटर लागली नाही," ती म्हणाली. "ऊन कधीचं पत्र्यावर आलंय... मोटर लागली नाही. तू ये." एवढंच. नवऱ्याचं नाव नाही, काय झालं ते नाही, आणि मीही विचारलं नाही. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, मोटर बिघडली तर मेकॅनिकला बोलवावं, ही बाई विरारला मैत्रिणीला कशाला फोन करते? मला मात्र चपला पायात सरकवतानाच कळलं होतं की तिचा नवरा, आमचे इनासभाऊ, गेले.

वसईपर्यंतच्या रस्त्यात मी रिक्षावाल्याला इतक्या वेळा "जरा लवकर" म्हटलं की शेवटी तोच मला म्हणाला, "आजी, उडवत नेऊ का?" वाडीच्या फाटकाशी माणसं जमली होती. इनासभाऊंना घरात आणून झोपवलं होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं की पोहण्याच्या तलावाजवळ, स्विचबोर्डाखालच्या सिमेंटच्या बाकावर ते बसल्या जागी गेले. उजवा हात भिंतीवरून उतरणाऱ्या काळ्या पाइपावर तसाच होता. पाइप तापायची वाट बघत बसले होते... त्याला आता काही आठवडे झाले. इनासभाऊंविषयी लिहायचं तर त्या पाइपापासूनच सुरुवात करायला हवी, कारण त्या पाइपापायी आम्ही तिघांनी एक हिवाळा जीव मुठीत धरून काढला आहे.

रेजिना आणि मी माणिकपूरच्या एकाच शाळेत शिकवलं. ती विज्ञान, मी मराठी. मुलं तिला घाबरायची आणि माझ्या तासाला डुलक्या घ्यायची, म्हणजे दोघींचं चांगलं चाललं होतं. तिचा नवरा वाडीवाला. सोनचाफा, मोगरा, केळी, कडेला अळू. आयुष्यात नोकरी म्हणून केली नाही आणि त्याची खंतही कधी बोलून दाखवली नाही. आमच्या शिक्षकखोलीत त्यांच्याविषयी मोठं कुतूहल होतं, कारण रेजिना त्यांना सरळ "इनास" अशी हाक मारायची आणि ते ओ द्यायचे. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, कोकणातल्या ना तुम्ही? मग पोहता येत असेल." मी सांगितलं की लहानपणी मी आमच्या विहिरीत पडले होते, आजोबांनी केसाला धरून वर ओढलं, तेव्हापासून घोट्याच्या वर पाणी आलं की माझ्या छातीत धडधडतं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर प्रत्येक भेटीत एक प्रश्न ठरलेला: "काय बाई, पाणी चावतं का अजून?" मीही ठरलेलं उत्तर द्यायचे, "चावतं, आणि तुम्हीही चावता."

त्यांच्या घरी तलाव आला तो रेजिनामुळे. वाडीत विहिरीला लागून एक मोठा सिमेंटचा हौद होता. इनासभाऊंच्या वडिलांच्या काळात विहिरीचं पाणी त्यात साठवायचे आणि पाटाने झाडाझाडाच्या आळ्यात सोडायचे. पुढे ठिबकचे पाइप आले आणि हौद रिकामा पडला, त्यात पाचोळा आणि बेडकं. रेजिना तिच्या बापाच्या वाडीतल्या बावखलात, म्हणजे आपल्याकडच्या त्या गोड्या पाण्याच्या तळ्यात, घरच्यांची नजर चुकवून पोहायला शिकलेली. निवृत्त झाल्यावर तिने जाहीर केलं की हौदाला निळ्या फरश्या लावायच्या, पायऱ्या करायच्या, पाणी स्वच्छ ठेवायची मोटर बसवायची. गावाने "टीचरबाईंचा रिसॉर्ट" म्हणून यथेच्छ हसून घेतलं. इनासभाऊही कुरकुरले. बापाचा हौद, त्यात आता बायको आंघोळ करणार! पण संध्याकाळी ती पोहत असली की हे काठावर बसून, पाय पाण्यात सोडून, दुसऱ्या दिवशी चाफ्याच्या पुड्या बांधायला केळीची पानं फाडत बसायचे. मी लांब खुर्चीवर. अशा पुष्कळ संध्याकाळी आम्हाला मिळाल्या.

मग एका भाद्रपदात रेजिना स्वयंपाकघरात कोसळली. डावी बाजू गेली. जीव वाचला, ती घरी आली, पण डावा पाय तिच्या मालकीचाच राहिला नव्हता. व्यायाम घ्यायला निकिता नावाची तरुण मुलगी येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिने अंगणातला तलाव पाहिला आणि उडालीच. "अंकल, हे तर सोनं आहे तुमच्याकडे! पाण्यात बॉडीचं वेट नाही ना येत, आंटी पटापट रिकव्हर होतील. फक्त पाणी गरम पाहिजे हं. थंड पाण्यात मसल्स उलटे टाइट होतात." आणि दारापर्यंत गेल्यावर हळू आवाजात म्हणाली, "हे पहिले काही महिनेच असतात, अंकल. आत्ता पाय जितका सुटेल तितका सुटेल. नंतर कठीण जातं." हे वाक्य इनासभाऊंनी ऐकलं आणि त्या क्षणापासून त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जे गेलं, ते नाताळ होऊन जाईपर्यंत मला दिसलं नाही.

ऑक्टोबरभर ऊन भरपूर होतं, पाणी बरं होतं. रेजिना पाण्यात इनासभाऊंचा हात धरून उभी राहायला लागली होती. दिवाळी उलटली, रात्री गार पडायला लागल्या आणि एके सकाळी तिला पायऱ्यांवरून आत उतरवली तर गुडघ्याच्या वर पाणी चढताच तिचा डावा पाय आखडला, बोटं आत वळली आणि ती किंचाळली. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. इनासभाऊंनी तिला उचलून बाहेर आणलं. तिचे दात वाजत होते. त्यानंतर निकिताने पाण्यातले व्यायाम बंद केले. पलंगावरचे व्यायाम चालू राहिले. मात्र दर आठवड्याला ती पाय वाकवून बघायची आणि किती वाकला ते टिपून घ्यायची; वाकणं कमी होत चाललं होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी लिझा बंगळुरूला असते. तिने तिकडे एक केंद्र शोधून ठेवलं होतं, गरम पाण्याच्या तलावासकट. तिचं म्हणणं अगदी सरळ होतं: आईला घेऊन जाते, वर्षभर तिथे राहील, चालायला लागली की परत आणते. रेजिना फोनवर "नाही" एवढंच म्हणाली. मला मात्र एकटीला गाठून म्हणाली, "सुमन, मी तिकडे गेले ना, तर परत येणार नाही. मला कळतं ते. बारीकसारीक कारणं निघत राहतील." मलाही तसंच वाटत होतं. पण पायाचं काय? लिझा चुकीचं काहीच सांगत नव्हती, आणि म्हणूनच तिच्याशी भांडता येत नव्हतं. शेवटी स्पीकरवर बोलणं चालू असताना इनासभाऊ म्हणाले, "मी तापवतो पाणी." लिझा चिडली. "कशावर पप्पा? चुलीवर?" "उन्हावर," ते म्हणाले. मग ती म्हणाली, "ठीक आहे. मी नाताळला येते. तोपर्यंत निकिता म्हणते तेवढं पाणी तापलं, तर आई इथे. नाही तापलं तर आई माझ्याबरोबर. पप्पा, तुम्ही मध्ये यायचं नाही." इनासभाऊंनी रेजिनाकडे पाहिलं. तिने मान हलवली. असं ते ठरलं.

तलाव तापवायचं सामान विकणारा एक माणूस येऊन गेला. त्याच्या कोटेशनचा कागद इनासभाऊंनी घडी करून बायबलखाली ठेवला, म्हणजे तो विषय देवावर सोपवला. विजेच्या हीटरचा भार घराची लाइन झेलणार नव्हती. पण त्यांना एक गोष्ट ठाऊक होती, जी प्रत्येक वाडीवाल्याला ठाऊक असते. ठिबकचा काळा पाइप दुपारी उन्हात पडला की आतलं पाणी हात भाजेल इतकं तापतं. ते पाणी आधी बाहेर सोडून द्यावं लागतं, नाहीतर झाडाची मुळं पोळतात. "बाई, जन्मभर जे पाणी फेकून दिलं तेच आता पाहिजे झालंय," मला म्हणाले. वाडीतले जुने पाइप गोळा केले, नवे आणले, गच्चीवरच्या पत्र्यावर त्यांची वेटोळी शेजारी शेजारी तारेने बांधली. तलावाची मोटर पाणी वर ढकलणार, ते पत्र्यावरच्या काळ्या वेटोळ्यांतून फिरणार आणि भिंतीवरच्या जाड पाइपातून पुन्हा तलावात पडणार. पहिल्या दुपारी परतीच्या त्या पाइपातून पाणी पडायला लागलं तेव्हा निकिताने हात धरला आणि ओरडली, "अंकल, मस्त गरम!" रेजिनाने कपाटातून शाळेतला जुना तापमापक काढायला लावला. निकिताने सांगितलेल्या अंशावर मी तांबडा दोरा बांधला आणि तो तापमापक सुतळीने पायरीच्या दांड्याला लटकवला. पारा त्या दोऱ्यापर्यंत आला की झालं.

तो आला नाही. रोज संध्याकाळी पारा चांगला वर चढलेला असायचा, आम्ही खूश होऊन घरी जायचो, आणि सकाळी निकिता यायची तेव्हा तो पुन्हा खाली. इनासभाऊंनी आणखी पाइप चढवले. रात्री ऊब उडून जाते म्हणून रोपांच्या मांडवाचं पारदर्शक प्लास्टिक आणून अख्ख्या तलावावर पसरलं, कडेला विटा ठेवल्या. थोडा फरक पडला, पण दोरा लांबच. माणसाने झोपच सोडली. दिवसभर पत्र्यावर, खाली येऊन पाण्यात हात, पुन्हा पत्र्यावर. गावातून जाणारा-येणारा फाटकाशी थांबून विचारायचा, "इनास, भात शिजला का?" पूर्वी त्यांनी त्याला चार शब्द ऐकवले असते. आता मान खाली घालून आत जायचे. लिझाचा फोन एक दिवसाआड, आणि प्रत्येक वेळी रेजिना विचारायची, "काय सांगू तिला?"

डिसेंबर निम्मा सरला तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. रेजिनाचा गुडघा मी स्वतः पाहिला होता, आदल्या महिन्यात वाकत होता तेवढाही वाकत नव्हता. मी इनासभाऊंना विहिरीजवळ गाठलं आणि सुनावलं, "तुमच्या हट्टापायी तुम्ही तिच्या पायाशी खेळताय. पोरीला आजच फोन करा, घेऊन जाऊ दे तिला." मी बोलले त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही, कोणीतरी बोलायलाच हवं होतं. ते बराच वेळ हातातलं पाइपाचं बेचकं फिरवत राहिले. मग म्हणाले, "बाई, ती गेली तर मी इथे मोटर कोणासाठी लावू?" मी तशीच फाटकाबाहेर पडले आणि रिक्षात बसून रडले.

लिझा यायची त्याच्या आदल्या संध्याकाळी रेजिनाने मला राहायला बोलावलं. तिच्याच खोलीत झोपले. झोपेची गोळी घेऊन ती एरवी उशिरापर्यंत उठत नसे, पण त्या पहाटे मला जाग आली तर ती टक्क डोळे उघडून छताकडे बघत होती. बाहेर मोटरची घरघर चालू होती. मला त्यात काही विशेष वाटलं नाही; वाडीच्या घरात पहाटे मोटर चालूच असते. "सुमन," ती म्हणाली, "ही विहिरीची मोटर नाही." मला आवाजातला फरक कळेना. "तलावाची आहे. मला बाहेर ने. आत्ता." तिला शालीत गुंडाळून मी चाकांच्या खुर्चीवरून बाहेर नेलं. नुकतं फटफटत होतं. इनासभाऊ कान बांधून उभे, हातात चहा. तलावावरचं प्लास्टिक काढून त्याची नीट घडी घातलेली. पत्र्याच्या कडेने दव टपकत होतं, काळ्या पाइपांवरूनही टपकत होतं. आम्हाला पाहून ते दचकले. "हे काय? थंडीत कशाला आणलंत तिला? मी सकाळचं पाणी चालवतोय."

रेजिनाने उत्तर दिलं नाही. खुर्ची काठाशी न्यायला लावली आणि धडधाकट उजवा हात परतीच्या पाइपातून पडणाऱ्या धारेखाली धरला. मग खाली वाकून तलावाच्या पाण्यात. मग पुन्हा धारेत. माझा हात ओढून माझ्याकडूनही तेच करवून घेतलं. तलावातलं पाणी कोमट होतं... आणि पत्र्यावरून येणारी धार बर्फगार. मग माझ्या मैत्रिणीला तिचा जुना, वर्ग हादरवणारा आवाज परत मिळाला, जड जिभेसकट. "इनास! रात्रभर झाकून ठेवलेलं पाणी... तू थंड पत्र्यावर फिरवतोस? रोज?" "पहाटेचं पाणी..." ते चाचरले. "ते झाडांना! झाडांना पहाटे! ऊन यायच्या आत! हे झाड आहे का?" पुढचं भांडण त्यांच्या घरच्या बोलीत झालं, त्यातलं मला निम्मंच कळलं, पण उरलेल्या निम्म्यासाठी शब्दांची गरज नव्हती.

ही चूक वाडीवाल्यालाच सुचू शकते. आमच्यासारखा कोणी फ्लॅटवाला असता तर आरामात उठला असता, ऊन बघून बटण दाबलं असतं आणि त्याचं पाणी पहिल्याच आठवड्यात तापलं असतं. इनासभाऊंच्या आज्यापासून त्या घरात पाणी पहाटेच चालवायचं, सूर्य वर यायच्या आत आटपायचं. तापलेलं पाणी झाडाला घालायचं नाही, एवढं ज्याच्या हाडीमाशी खिळलेलं, त्याने पाणी तापवायला घेतलं तरी मोटर पहाटेच लावली. दिवसभर उन्हात कमावलेली ऊब तो रोज पहाटे आकाशाला परत देत होता, आणि वर आपण कष्टात कमी पडतोय म्हणून स्वतःला कोसत होता. रेजिना कपाळावर हात मारून म्हणाली, "जन्मभर पोरांना उष्णता शिकवली मी... आणि घरात हे." इनासभाऊंनी मोटर बंद केली. मग एकदम मटकन बाकावर बसले आणि तोंड हातात लपवलं. रेजिनाने खुर्ची त्यांच्याजवळ नेण्याची खूण केली. मी तिला तिथे सोडलं आणि चहा टाकायच्या निमित्ताने आत आले.

त्याच दुपारी लिझा आली. पारा दोऱ्याच्या बराच खाली. तिच्या पर्समध्ये आईचंही परतीचं तिकीट होतं. आम्ही तिला झालेली चूक सांगितली, तिने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "नाताळपर्यंत म्हटलं होतं, नाताळपर्यंत थांबते." दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. डिसेंबरात! समुद्रात कुठेतरी वादळ होतं म्हणे. ऊन नाही, नुसता कोंदट उजेड. इनासभाऊ बाकावर पाइपाला हात लावून बसलेले, दुसऱ्या हातात रोजरीची माळ. पाइप तापला नाही तर मोटर लावायची नाही, असा आता बायकोचा हुकूम होता. कितीतरी वेळ तसे बसायचे आणि मोटर न लावताच उठायचे. मी विचारलं, "प्रार्थना काय करता?" तर म्हणाले, "काही नाही बाई. फक्त सांगतोय त्याला, की एवढं सरकव." वर ढगांकडे बोट.

चर्चमध्ये नाताळच्या मिस्साला, प्रार्थनेला, सगळे गेले. परत आल्यावर रेजिनाने स्वतःच सांगितलं, "बॅग भर, लिझा." कबूल केलेला शब्द ती मोडणारी नव्हती. हॉलमध्ये बॅग उभी राहिली. सांजा, वडे, केक सगळं टेबलावर होतं आणि कोणी हात लावत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ निवळलं, चांगलं कडक ऊन पडलं. संध्याकाळी निघायचं होतं. दुपारी आम्ही बायका आत तिची औषधं भरत होतो आणि इनासभाऊ धावत हॉलमध्ये आले, हातात तापमापक उभा धरलेला, सगळीकडे पाणी ठिबकतंय. त्यांना बोलता येईना, नुसता तो तापमापक लिझाच्या नाकासमोर नाचवत होते. लिझाने पाहिलं. "पप्पा, खाली आहे की हा." रेजिना खेकसली, "अरे, बाहेर काढलास की उतरणार तो! पाण्यातच बघायचा असतो!" एवढ्या ताणात आम्ही सगळे हसलो, आणि तसेच हसत, रेजिनाची खुर्ची ढकलत बाहेर पळालो. पाण्यात सोडल्यावर पारा हळूहळू चढत गेला... दोऱ्याला टेकला... आणि थोडा वर जाऊन थांबला.

निकिताला बोलावून घेतलं. इनासभाऊ बनियन आणि अर्ध्या चड्डीवर पाण्यात उतरले, उलटे, तिच्याकडे तोंड करून, दोन्ही हात पुढे धरून. रेजिना एकेक पायरी उतरली. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. लिझाने माझं मनगट आवळून धरलं होतं. बोटं वळली नाहीत. पाणी कमरेपर्यंत आलं, आणि तिचा डावा पाय, सावकाश, पण तिच्याच मर्जीने, पुढे सरकला. लिझा मोठ्याने रडायला लागली. रेजिना तिला म्हणाली, "बॅग उघड ती. माझी शाल चुरगळेल." त्या रात्री केक संपला.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण ती चांगली गेली. रेजिना काठी घेऊन चालायला लागली. रोज सकाळी ऊन पत्र्यावर आलं की इनासभाऊ बाकावर बसायचे, पाइपाला हात लावायचे, तो तापला की मोटर लावायचे आणि मोटरचा आवाज आला की रेजिना आतून टॉवेल घेऊन निघायची. पाण्यात तिचा हात धरायला ते कायम. थंडीच्या दिवसांत तिने एक दिवस जरी पाणी चुकवलं तरी दुसऱ्या दिवशी पाय अडायचा, म्हणून ते लग्नाकार्यालासुद्धा गावाबाहेर राहायचे नाहीत. मी काठावर दिसले की, "उतरा बाई, कोमट आहे, कोमट पाणी चावत नाही." मी म्हणायचे, "पुढच्या जन्मी."

अंत्यविधीनंतर लिझा राहिली. तलावावर प्लास्टिक पसरलेलं होतं ते तसंच राहिलं. दिवस थंडीचेच होते आणि रेजिना पाण्याकडे फिरकत नव्हती. तिचं पाऊल पुन्हा घासत पडायला लागलेलं मी पाहत होते, लिझाही पाहत होती. इनासभाऊंना जाऊन महिना झाल्यावरच्या मिस्साच्या आदल्या दिवशी लिझा मला म्हणाली, "मावशी, आता तरी तुम्ही तिला समजवा. मोटर मी लावीन, पाणी तापेल, पण मी किती दिवस इथे राहू? तिला पाण्यात रोज धरणार कोण? तुम्ही येता-जाता, मला माहीत आहे. पण तुम्ही तर पायसुद्धा बुडवत नाही." ती टोचून बोलत नव्हती. खरं तेच सांगत होती. त्या रात्री मला विहिरीचं स्वप्न पडलं.

महिन्याचा मिस्सा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीत पोहोचले तर रेजिना खोलीत नव्हती. लिझा आत फोनवर. मी मागच्या अंगणात आले. रेजिना बाकावर बसली होती, काठी भिंतीला टेकलेली, उजवा हात काळ्या पाइपावर. डोळे मिटलेले. मी धावतच तिच्यापाशी गेले. मग ती डोळे न उघडता म्हणाली, "अजून नाही. बस." मी शेजारी बसले. पत्र्यावर ऊन हळूहळू सरकत होतं. वाडीत कोणी फुलं तोडली नव्हती, चाफा झाडावरच पिवळा पडला होता, त्याचा वास नुसता दाटला होता. मग तिने माझा हात घेतला आणि पाइपावर ठेवला. पाइप ऊन होता. तिने उठून बटण दाबलं. इतक्या दिवसांनी ती घरघर ऐकली आणि माझं रडू आवरेना. रेजिना रडली नाही, तिचं रडून झालं असावं. दुपारपर्यंत ती तिथेच बसून राहिली, मधूनमधून धारेखाली हात धरत. पारा दोऱ्यापर्यंत आला नव्हता, पण फार खालीही नव्हता.

मग ती मला म्हणाली, "आत माझा जुना गाऊन आहे, निळा. घालून ये."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. काहीतरी कारणं सांगितली असतील, वय, गुडघे, केस. तिने ती ऐकून घेतली. लिझा दारात येऊन उभी राहिली होती, तोंडावर हात ठेवून. मी गाऊन घालून आले तेव्हा तलावावरचं प्लास्टिक बाजूला सारलेलं होतं आणि रेजिना पायऱ्यांच्या दांड्याला धरून माझी वाट बघत होती. तिला धरायचं तर मला आधी उतरायला हवं होतं, उलटं, तिच्याकडे तोंड करून, इनासभाऊ उतरायचे तसं. पहिली पायरी. पाणी घोट्याच्या वर आलं. छातीत धडधडायला लागलं, विहिरीतला तो काळोख डोळ्यांपुढे आला, आणि मी डोळे तिच्यावर ठेवले. दुसरी पायरी. तिसरी. पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा मी दोन्ही हात पुढे केले. ते इतके थरथरत होते की तिने दांडा सोडून ते आधी घट्ट धरले, मगच पाय उचलला.

पाणी कोमट होतं. ते चावलं नाही.